दशमीला पाहिलेलं घर

सांगली
१२ ऑगस्ट १९८९

चि. सुभाष,

अनेक आशीर्वाद. अक्षर पाहून म्हणशील, ताईला आज कशी आठवण झाली! काम आहे म्हणूनच लिहितेय, उगाच खोटं कशाला बोलू?

पुढच्या एप्रिलात मी विद्युत मंडळातून रिटायर होतेय. लेक एकच, त्या रसिकाची नोकरी अंधेरीला, राहणं होस्टेलात, आणि इथे सासूबाई नि मी अशा दोघीच. हे गेल्यापासून सांगलीचं घर अंगावर येतं. ते विकायचं, माझा फंड त्यात घालायचा आणि तिकडे तिघींना पुरेल अशी जागा घ्यायची असं ठरवलंय. खुद्द मुंबईत आपली डाळ शिजणार नाही. प्रेस बंद पडल्यावर तू भाईंदरला जागांचं काम करतोयस असं मामा सांगत होते. मावसभाऊच एजंट असताना मी परक्याचे पाय कशाला धरू?

अट एकच, तळमजला हवा. सासूबाईंचे गुडघे पार गेलेत, जिना त्यांना जमत नाही. आणि त्यांचं पंचांग तुला ठाऊक आहेच. अमावस्येच्या आसपास घर बघायचं नाही, बोलणी करायची नाहीत. तू हसशील, पण मलाही ते पटतं. आयुष्यभराचं घर चांगल्या दिवशी बघितलं तर बिघडतं कुठे?

दुसऱ्यांदा घर घेण्याची माझी ऐपत नाही, एवढं लक्षात ठेवून बघ.

तुझी,
मृणालताई


भाईंदर (पूर्व)
२४ ऑगस्ट १९८९

ति. मृणालताई,

नमस्कार. तुझं पत्र आलं, आता काम झालं म्हणून समज. भाईंदर पूर्वीचं राहिलेलं नाही. गिरगाव-दादरची आपली माणसं इथे घर घ्यायला धावतायत, रोज एक तरी पार्टी फिरवतोय मी.

खाडीच्या अंगाला 'हंसा छाया' नावाची तीन मजली बिल्डिंग आहे. बिल्डर जयकुमार शेठ. आईच्या नावानं बांधलीय, म्हणजे बघ, माणूस किती भाविक. पूर्वी तिथे मिठागर होतं, आता भर टाकून जमीन पक्की केलीय. समोर इमारत नाही, त्यामुळे वारा असा की पंखा लावायला नको. तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी एक जागा शिल्लक आहे. वरच्या मजल्यांपेक्षा स्वस्तही पडेल.

दिवसाचं म्हणशील तर अमावस्या सोडच, पण पौर्णिमाही नको. शेठ दर पुनवेला डाकोरला देवदर्शनाला जातात, ऑफिसला कुलूप असतं. मधली दशमी चांगली. दहा सप्टेंबरला दशमी आहे आणि रविवारही आहे. गौरी-गणपती आटोपून ये. सासूबाईंना सांग, सुभाष देव मानत नसला तरी तुमच्यासाठी मुहूर्त काढतोय.

माझ्या कमिशनचं मनात आणू नकोस. ते शेठ देतात. नववीत माझी फी तू भरली होतीस, तुझ्याकडून पैसे घेतले तर आई स्वप्नात येऊन कान उपटेल.

तुझा,
सुभाष


सांगली
१६ सप्टेंबर १९८९

चि. सुभाष,

आशीर्वाद. घर मनात भरलं. परतीच्या गाडीत मी डोळ्यांपुढे देव्हारा मांडला, शिवणयंत्र ठेवलं, सासूबाईंची कॉट खिडकीशी लावली. त्यांना समोरच्या मोकळ्या जागेचं सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे मला दारात खुर्ची टाकून बसता येईल!" हे गेल्यापासूनच्या पाच वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

एक गंमत राहिली विचारायची. तळमजल्याचे विजेचे मीटर इतके वर का लावलेत? आमच्या मीटर रीडरला स्टूल लागेल. आणि भिंतींना गुडघ्यापर्यंत ऑइल पेंट, वर साधा रंग, ही कसली फॅशन? उंबराही चांगला वीतभर उंच आहे. सासूबाईंना पाय उचलून टाकावा लागेल, पण ते चालेल.

दसऱ्याला टोकन द्यायला येते. तीही दशमीच, आणि साडेतीन मुहूर्तांतली. इथल्या घराला गिऱ्हाईक ठरलंय.

तुझी,
मृणालताई


भाईंदर (पूर्व)
२५ सप्टेंबर १९८९

ति. मृणालताई,

नमस्कार. मीटर वर लावलेत, कारण मुलं हात लावतात. ऑइल पेंट शेठनी स्वतःहून दिलाय, डाग पडला तर फडक्यानं पुसता येतो. उंबरा उंच म्हणजे घरात कचरा येत नाही. तुम्ही मंडळवाले मीटर सोडून दुसरं काही बघतच नाही का?

दसऱ्याला ये. सोनं लुटू आणि घरही घेऊ.

तुझा,
सुभाष


हंसा छाया, भाईंदर (पूर्व)
२५ जुलै १९९०

चि. सुभाष,

तू गावाला गेलायस असं तुझ्या शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून टाकतेय. आल्याबरोबर इकडे ये.

रविवारी दिव्यांची अमावस्या होती. सासूबाईंनी सकाळपासून समया-निरांजनं घासली, खाली पाटावर मांडली, भोवती रांगोळी काढली आणि तिथेच बसून वाती वळत होत्या. मी कणकेचे दिवे उकडायला ठेवले होते. रसिका बाहेर गेली होती. दुपारचे साडेबारा झाले असतील. त्यांनी हाक मारली, "मृणाल, अगं रांगोळी कशी पुसली जातेय?"

मोरीतून पाणी वर येत होतं. दाराखालूनही येत होतं. काळं, खारट वासाचं. मी धावत जाईपर्यंत पाट हलायला लागला. सासूबाईंना जमिनीवरून एकटीनं उठता येत नाही, तरी दिवे वाचवायला म्हणून त्या उठल्या. पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी त्यांना कॉटसकट उचलून हॉस्पिटलात नेलं.

या जागेत येऊन तीन महिनेही झाले नाहीत, सुभाष. पावसाचं पाणी दोनदा दारापुढे साचलं होतं, पण उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. हे पाणी कुठून आलं ते मला सांग.

मृणालताई


भाईंदर (पूर्व)
३ ऑगस्ट १९९०

ति. मृणालताई,

काकूंचं ऐकून फार वाईट वाटलं. हॉस्पिटलात येऊन गेलो, पण तू औषधं आणायला गेली होतीस. त्या झोपल्या होत्या म्हणून उठवलं नाही.

यंदा पाऊस फार झालाय, ताई. सगळीकडेच पाणी भरतंय. गटारं साफ केलेली नाहीत. शेठशी बोललोय, ते माणूस पाठवून मोरीचं बघून घेतील. पावसाळा संपला की प्रश्न मिटला. तू टेन्शन घेऊ नकोस, काकूंकडे लक्ष दे.

तुझा,
सुभाष


हंसा छाया, भाईंदर (पूर्व)
७ ऑक्टोबर १९९०

सुभाष,

सासूबाई गणपतीत गेल्या ते तुला कळलंच. दहाव्याला आलास, दारातून भेटून गेलास. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण तेव्हा मला काही कळलंच नव्हतं; पावसाळाभर आलेलं पाणी मी पावसाचंच समजत होते.

गुरुवारी कोजागिरी झाली. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, पाऊस जाऊन पंधरवडा झालेला. भर दुपारी मोरीतून तेच काळं पाणी आलं आणि संध्याकाळी आपसूक उतरलं. शेजारच्या खोलीतले ईश्वरभाई आदल्या दिवशीच सामान विटांवर चढवत होते. मी विचारलं तर म्हणाले, "बेन, पूनम-अमास को नीचे कुछ रखने का नहीं. दो-तीन दिन पानी आएगा, फिर दस दिन आराम." सिलिंडर कधी येतो ते सांगावं इतक्या सहज सांगितलं त्यांनी. त्यांना इथे दोन वर्षं झालीत. तुझं ऑफिस त्याआधीपासून आहे.

मग मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसले. उधाणाची भरती अमावस्या-पौर्णिमेला येते आणि अष्टमी-दशमीला भरतीचं पाणी वर चढतच नाही, हे सांगलीच्या बाईला ठाऊक नव्हतं. तुला होतं. घर दाखवलंस दशमीला. टोकन घेतलंस दशमीला. गृहप्रवेशाचा मुहूर्त तूच सुचवलास, वैशाखातली दशमी. मीटर वर, कारण पाणी लागतं. ऑइल पेंट गुडघ्यापर्यंत, कारण तिथपर्यंत पाणी चढतं. उंबरा कचऱ्यासाठी नव्हता रे.

तू म्हणशील, अमावस्या नको असं तूच लिहिलं होतंस. लिहिलं होतं. माझ्या सासूबाईंचं आणि माझं वेड होतं ते, आणि त्याची शिक्षा त्यांना मिळाली. पण अमावस्या मी टाळली. पौर्णिमा कुणी टाळली?

ठाण्याला ग्राहक मंचात तक्रार करतेय. शेठवर आणि तुझ्यावर. पैसे मिळतील न मिळतील, मला तुझ्याकडून एक वाक्य हवंय, "ताई, मला माहीत होतं." ते तू मला लिहून दिलंस तर तुझं नाव मी तक्रारीतून काढून टाकीन.

भाऊबीजेला ये. अमावस्येनंतरचा दुसरा दिवस आहे, जेवणाच्या वेळेला पाणी घरात असेल. सुतकाचं वर्ष आहे, ओवाळणार नाही. नुसता येऊन पाय बुडवून बस माझ्याबरोबर.

मृणालिनी


भाईंदर (पूर्व)
२ नोव्हेंबर १९९०

ति. ताई,

भाऊबीजेला आलो नाही, कारण ज्या बहिणीनं भावावर केस घातलीय तिच्या घरी कुठल्या तोंडानं जायचं ते मला कळेना. ओवाळणी मनिऑर्डरनं पाठवली होती, ती तू परत केलीस. ठीक आहे.

आता माझंही ऐक. तू विद्युत मंडळात आयुष्य काढलंस. मीटर वर का आहेत हे तुझ्याच डोळ्यांना खुपलं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि तू ते घेतलंस, कारण तुला ते घ्यायचंच होतं. तुला तळमजला हवा होता, समोर मोकळं हवं होतं, वारा हवा होता आणि हे सगळं स्वस्त हवं होतं. असं घर भाईंदरला नाही, कुठेच नाही. साधा तांब्या घेताना तू दुकानात ठोकून बघतेस. घर घेताना ईश्वरभाईंच्या दारावर टकटक करायला तुला कुणी बंदी केली होती? ते तेव्हाही तिथेच राहत होते. मिठागर होतं हे मी तुला लिहिलं होतं. मी ते लपवलं नाही. मिठागरात पाणी कसं येतं हे विचारायचं काम विकत घेणाऱ्याचं.

मी जागा दाखवतो, ताई. मी जागा बांधत नाही, विकत नाही, सही करत नाही. प्रत्येक घरातली खोड प्रत्येक पार्टीला सांगत बसलो तर आठ दिवसांत ऑफिसचं शटर ओढावं लागेल. प्रेस बंद पडली तेव्हा सहा महिने मी घरात कसा बसून होतो, ते तुम्हा कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांनी पत्रातून धीर दिला, बाकी काही नाही.

पौर्णिमेचं म्हणशील तर शेठ खरंच डाकोरला जातात. कुणालाही विचार.

काकूंचं मला वाईट वाटतं. पण तू मागतेस ते वाक्य मी लिहून देणार नाही. तो कागद उद्या तुझा वकील मंचापुढे ठेवील.

सुभाष


हंसा छाया, भाईंदर (पूर्व)
१४ मार्च १९९२

सुभाष,

निकाल तू ऐकलासच. तुझ्याशी माझा कसलाही करार नव्हता, मी तुला पैसे दिले नव्हते आणि जागा मी स्वतः पाहून सही केली होती, म्हणून तू सुटलास. शेठच्या नावानं हुकूम निघालाय, पण त्यांनी ती कंपनीच बंद केलीय. नव्या नावानं ते दुसरीकडे बांधतायत म्हणे. तो हुकूम मी ट्रंकेत ठेवलाय. ट्रंक विटांवर आहे.

तुझं कमिशन मी भरायला हवं होतं. तेव्हा फुकटात काम होतंय म्हणून खूश झाले होते. ज्यानं पैसे दिले त्याचं काम तू केलंस. यात चूक माझीही आहे, आणि ती मी मंचापुढे नाकारली नाही.

पण त्या दिवशी तुमच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुम्ही अमावस्येला घर का पाहिलं नाही?" आणि लोक हसले. मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सुभाष तरी हसणार नाही. तू मान खाली घालून बुटाकडे बघत होतास आणि तुझे खांदे हलत होते.

यानंतर मला लिहू नकोस.

मृणालिनी


भाईंदर (पूर्व)
१८ सप्टेंबर १९९३

ति. ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. हवं तर वाचून फाडून टाक.

रसिकाचं लग्न ठरलं आणि ती पुण्याला जाणार असं मामांकडून कळलं. तू त्या घरात एकटी राहणार या विचारानं मला चैन पडत नाही. तू जागा विकायचा प्रयत्न करतेयस, पण बाजारात 'हंसा छाया'चं नाव झालंय. इथले कुणी ती घेणार नाहीत.

बाहेरची एक पार्टी आलीय. वासंतीबाई म्हणून आहेत, मालवणहून. मिस्टर दुबईला. त्यांचे सासरे बाबाजी अर्धांगानं आजारी आहेत, त्यामुळे तळमजलाच हवा. मी त्यांना फक्त जागा आहे एवढंच सांगितलंय. पुढचं तू ठरव. सांगायचं असेल ते सांग, मी मध्ये बोलणार नाही.

सव्वीस तारखेला, रविवारी, दशमी आहे. आणू का? नको असेल तर ईश्वरभाईंकडे निरोप ठेव. मी तुझ्याकडून कमिशन घेणार नाही. त्यांच्याकडूनही घेणार नाही.

सुभाष


हंसा छाया, भाईंदर (पूर्व)
२८ सप्टेंबर १९९३

चि. सुभाष,

आशीर्वाद. ईश्वरभाईंकडे निरोप ठेवला नाही, तेव्हा तू समजलासच. रविवारी त्यांना दारापर्यंत आणून तू रिक्षात बसून राहिलास. आत यायला हवं होतंस, तुझंच काम किती नीट चाललं होतं ते बघायला.

विटा मी शनिवारीच मागच्या बाजूला टाकून आले. फरशी तीनदा पुसली, उदबत्ती लावली. सांगणार आहे, असं मी शनिवारी रात्री ठरवलं होतं. रविवारी सकाळीही ठरवलं होतं. वासंतीबाई आल्या. चांगली बाई आहे, तिशी-बत्तिशीची, बोलकी. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सासऱ्यांबद्दल म्हणाल्या, "दादांचा कॉट हयसरच घालूया, भायरचा दिसात तेंका." मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. आता सांगू, कप हातात दिला की सांगू, असं करत राहिले.

चहा पिताना त्यांनी बाहेर बघत विचारलं, "मीटर इतके वर कशाक हो लावलेत?"

मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. मंचाला सांगितलं, वकिलाला सांगितलं, गाडीत शेजारी बसलेल्या परक्या बाईलाही सांगितलंय. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "मुलं हात लावतात म्हणून." अडखळले सुद्धा नाही मी. तू तेव्हा अडखळला होतास की नाही, तेवढं एकदा सांग.

त्यांना घर पसंत आहे. सासऱ्यांना आणून दाखवायचंय. शुक्रवारपासून पितृपक्ष म्हणून म्हणाल्या, "ह्या गुरुवारी पुनवेक हाडू काय तेंका? दीस बरो आसा."

गुरुवारी मी घरी नसते, असं सांगितलं. दसऱ्याला आणा, म्हटलं. दशमी आहे, टोकनही त्याच मुहूर्तावर होईल. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमी आमच्यासारकीच देवाधर्माची मानसा, म्हणान बरा वाटला." मी त्यांचा हात सोडवून घेतला आणि कप विसळायला गेले.

दुसऱ्यांदा घर घेण्याची माझी ऐपत नाही, हे मी तुला पहिल्या पत्रातच लिहिलं होतं. ती त्यांचीही नाही, त्या स्वतःच म्हणाल्या. हे घर विकल्याशिवाय मला पुण्याला जाता येणार नाही. सांगितलं तर घर विकलं जाणार नाही. एवढंच आहे, सुभाष. तीन वर्षं मला वाटत होतं की यात आणखी काहीतरी असणार, तुझ्या मनात काहीतरी मोठं काळंबेरं असणार. काही नव्हतं. चहा होईपर्यंतचा वेळ असतो आणि तो निघून जातो.

ते वाक्य आता तू लिहून देऊ नकोस. मला नको.

दसऱ्याला दुपारी बाराला त्यांना घेऊन ये. बाबाजींना चाकाच्या खुर्चीतून आणतील, तेव्हा उंबऱ्यावर टाकायला फळी लागेल, ती तू आण. या खेपेला आत ये आणि चहा घे.

दिवाळीपर्यंत मी पुण्याला रसिकाजवळ असेन. तिसरा मजला आहे. भाऊबीजेला तिकडे ये. आता तुला ओवाळायला मला काही अडचण नाही.

तुझी,
मृणालताई